दहावा गोळा

घोटीच्या रस्त्याला 'झोकांडी' पार्कच्या फाटकासमोर एक मिसळीचं हॉटेल आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला तिथे आठ-दहा माणसं जमायची आणि उलटीबद्दल बोलत मिसळ खायची. दोन वर्षं मीही त्यांच्यात होतो.

"माझ्या पुढच्या डब्यातल्याने पहिल्याच उतारावर सोडलं," इरफान पिंजारी सांगत होता. "आणि वारा आपल्याकडे. पोहे होते."

"कांदेपोहे का दडपे?" रेवती घुगेने विचारलं.

"चष्मा पुसून सांगतो."

सगळे हसले. इरफानने पाव रश्शात बुडवून तोंडात टाकला. त्याचे भाजीबाजारात दोन टेम्पो होते. रेवती नाशिकच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची. बाकीचीही अशीच कामधंद्याची माणसं. त्यांना जोडणारी गोष्ट एकच होती, पार्कमधला 'कडेलोट' नावाचा रोलर कोस्टर. ते स्वतःला 'कडेलोटकर' म्हणवत. त्या नावाचा फोनवर एक गट होता, त्यात साडेतीनशे माणसं होती.

मला ते 'खालचे सर' म्हणायचे, कारण मी कधीच कुठल्या पाळण्यात बसलो नव्हतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझी बायको कुमुद मोठी धीट. तरुणपणी जत्रेत गेलो की ती आकाशपाळण्यात बसायची आणि मी खाली तिच्या चपला आणि पर्स धरून उभा राहायचो. उभा राहून राहून मला त्या यंत्रांचे बोल्ट, चाकं, वेल्डिंग दिसायला लागलं. मग मी त्यावरची पुस्तकं काढून वाचली. निवृत्तीनंतर, कुमुद आजारी पडल्यावर, घरात बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा या गटात शिरलो. वळणाची त्रिज्या, उताराचा कोन असं काही विचारलं की मी सांगायचो. मी चूक तर सांगत नाही ना, म्हणून घरी जाऊन पुन्हा पुस्तक उघडायचो.

या लोकांचं एक माप होतं. आपण म्हणतो ना, पोटात गोळा आला, तोच तो गोळा. रेवतीने त्याला शून्य ते दहा गुण ठरवले होते. आकाशपाळणा दोन गोळे. घोटीच्या बसचा ड्रायव्हर घाटात घाईत असला तर साडेतीन. 'कडेलोट'चा पहिला उतार, बासष्ट मीटर खोल, आठ. दहा गुण आजपर्यंत कोणी कशालाच दिले नव्हते.

त्या रविवारी वाद पेटला होता तो नव्या पाळण्यावरून. पार्कमध्ये पुढच्या वर्षी काहीतरी नवं येणार होतं आणि पार्कने आमच्या गटात एक वाचक बसवला होता. माणूस नव्हे, प्रोग्राम. आम्ही लिहू त्याचा दर आठवड्याला सारांश व्हायचा आणि पार्कच्या रचना विभागाकडे जायचा. आपलं कोणीतरी वाचतंय याचा आम्हा सगळ्यांना मोठा अभिमान होता.

"लाकडी आणा म्हणावं," इरफान म्हणाला. "लोखंड गुळगुळीत. लाकूड कसं, हाडं मोजून देतं."

"तुझी हाडं टेम्पोने आधीच मोजलीत," रेवती म्हणाली. "उंची पाहिजे. शंभर मीटर, सरळ खाली."

"शंभर कर, दोनशे कर. मी कडेलोटला चारशे अकरा वेळा बसलोय. पहिल्या दिवशी आठ गोळे होते. आता तीन. परवा तर उतारावर जांभई आली."

हे प्रत्येकाचं दुखणं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, "शरीर शिकतं ना."

"मोठ्याने, सर."

मग मला बोलावं लागलं. आपल्या कानाच्या आत दोन बारीक पिशव्या असतात आणि त्यात खडूच्या भुकटीसारखे कण. आपण पडायला लागलो की ते कण तरंगतात आणि मेंदूला कळतं, खालचा आधार गेला. आतडी जागची हलतात. दोन्ही बातम्या एकदम पोचल्या की गोळा येतो. पण मेंदूचा पुढचा भाग हुशार असतो. पाच-पन्नास वेळा पडूनही काही झालं नाही, हे तो लक्षात ठेवतो आणि खालून आलेली बातमी दाबून टाकतो. त्यामुळे उंची वाढवून काही होणार नाही. दाबणारा हात काढायला हवा.

"मग दहा गोळे कोणाला मिळतात?" रेवतीने विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. हॉटेलात सांगायचा धीर झाला नाही. घरी जाऊन गटावर लिहिलं.

लिहिलं ते असं. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला दोन हातांवर धरून त्याचं डोकं अचानक दोन बोटं खाली सोडलं, तर ते दोन्ही हात बाजूला फेकतं, बोटं फाकवतं, आणि किंचाळतं. ही उपजत दचक असते. चार-पाच महिन्यांत मेंदूचा पुढचा भाग वाढतो आणि ती दचक झाकून टाकतो. ती मरत नाही, खाली पडून असते. म्हातारपणी काही आजारांत मेंदूचा तोच भाग झिजतो आणि झाकण निघतं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढे लिहिलं, "दहा गोळे मी रोज सकाळी साडेसातला बघतो." आणि कुमुदचं सगळं वर्णन केलं. तिची देखभाल करणाऱ्या विमलमावशी तिला आंघोळीच्या खुर्चीवर मागे टेकवतात तेव्हा तिचे हात कसे उडतात, बोटं कशी ताठ होतात, तोंड उघडतं पण पहिले दोन सेकंद आवाजच कसा येत नाही. गाल पुसायला टॉवेल लावला तर ती तान्ह्या मुलासारखी तोंड वळवून तो चोखायला कशी बघते. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे तान्ह्या मुलाचं सगळं मला पुस्तकातूनच ठाऊक. तरीही बरं लिहिलं होतं. मी तीनदा वाचून शुद्धलेखन तपासलं.

गटावर दोनशे चौदा लाल बदाम आले. "सर, अंगावर काटा," रेवतीने लिहिलं. आयुष्यात एकदम इतक्या माणसांना मी कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी फोन किती वेळा उघडून पाहिला ते लिहायची लाज वाटते. शेजारच्या खोलीत कुमुद पाठीवर पडून होती आणि मी तिच्या किंचाळण्याला मिळालेले बदाम मोजत होतो.

सात महिन्यांनी डॉ. हृषीकेश लवाटे घरी आले. पार्कच्या रचना विभागाचे प्रमुख. पस्तिशीचे, गोड बोलणारे. चपला दाराबाहेर काढून आले, कुमुदला वाकून नमस्कार केला. तिने त्यांचं बोट पकडलं. तिच्या तळहाताला काहीही लागलं तरी ती धरते.

"काका, तुमचं ते लिखाण आमच्या भिंतीवर लावलंय," ते म्हणाले. "अख्खं खातं त्यावर काम करतंय."

त्यांनी बॅगेतून एक उशी काढली. प्रवासात मानेला लावतात तशी, राखाडी. आत अल्ट्रासाउंडची बारीक यंत्रं होती. पोटातलं बाळ बघायला जो आवाज वापरतात, कानाला न येणारा, तोच चारी बाजूंनी सोडून मेंदूतल्या वाटाण्याएवढ्या जागेवर एकवटता येतो. एका लयीत सोडला तर ती जागा नव्वद सेकंद झोपते. इजा होत नाही. दाबणारा हात तेवढा वेळ उचलला जातो.

"म्हणजे माणसाला नव्वद सेकंद..." मी म्हणालो.

"तान्हं करतो. बासष्ट मीटर लागत नाहीत, काका. दोन फूट पुरतात. पण झाकण किती उघडलं म्हणजे पूर्ण उघडलं, हे कसं कळणार? आम्हाला एक खरं माप पाहिजे. तान्ही मुलं वापरता येत नाहीत, कायदा आहे. काकूंचं झाकण निसर्गानेच काढलंय. तीन सकाळी द्या. फळीवर निजवून वीतभर खाली सोडायचं, यंत्रं नोंद घेतील. त्यांच्या लक्षातही राहणार नाही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि दुसऱ्या लयीत लावली तर हीच उशी उलटं काम करते. झोपलेल्या जागेला जागं ठेवते. आज आंघोळीच्या आधी लावून बघूया?"

लावली. विमलमावशींनी कुमुदला मागे टेकवलं. मी नेहमीप्रमाणे टॉवेल घेऊन दारात उभा होतो आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले होते. काही ऐकू आलं नाही म्हणून उघडले. कुमुदचे हात मांडीवर होते. मावशी केसांवर पाणी सोडत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा ती आंघोळ करत होती, तोपर्यंत तिला आंघोळ घातली जायची. पाणी कपाळावरून ओघळलं तशी ती म्हणाली, "गरम आहे." मार्चपासून तिने एक शब्द उच्चारला नव्हता.

लवाटे म्हणाले, "आठ तास टिकेल. उशी प्रयोगाच्या नावावर आहे, म्हणजे तुम्ही प्रयोगात आहात तोवर तुमचीच."

मी कागदावर सही केली. मावशी कपडे पिळत होत्या, त्यांनी मागे न बघता विचारलं, "बाईंना विचारलं?"

"तिला कसं विचारणार, मावशी?"

"विचारता येत नसलं तर नाही म्हणायचं असतं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिली सकाळ पार्कच्या मागच्या बाजूच्या शेडमध्ये झाली. उशी आदल्या दिवसापासून काढून ठेवली होती, झाकण पूर्ण निघालेलं हवं होतं. कुमुदला फळीवर निजवलं, डोक्याला तारा लावल्या. खालचा खटका सुटला की फळी वीतभर पडायची आणि स्पंजावर थांबायची. चाळीस वेळा. मी भिंतीशी तिच्या चपला धरून उभा होतो. ती दीड वर्ष चालली नव्हती. तरी चपला का आणल्या होत्या कोण जाणे.

तीन पोरं पडद्यांसमोर बसली होती. एकजण वडापाव खात होता. "एकविसावा भारी होता," तो म्हणाला. "हातांचा कोन बघ." दुसऱ्याने तो पुन्हा लावून बघितला. बाराव्यानंतर कुमुदचा आवाज बसला, मग नुसती हवा यायची. तिसाव्याला तिने अंगावर केलं. एक मुलगी आली, प्लॅस्टिक बदललं, सुगंधी फवारा मारला आणि एकतिसावा सुरू झाला. त्या शेडमध्ये लघवी, मोगऱ्याचा फवारा आणि तळलेल्या लसणाचा मिळून एक वास झाला होता. आजही वडापाव समोर आला की मी उठून जातो.

निघताना लवाटेंनी मला आजीवन पास दिला. मी तो घेतला. आभारही मानले.

उरलेल्या दोन सकाळी त्यांनी पुढे ढकलल्या, आधी चाळीसच्या नोंदींवरून उशांची लय बांधून पाळणा चालवून बघायचा होता. तोवर उशी घरी होती. ते सहा आठवडे फार चांगले गेले. कुमुद आंघोळीला घाबरत नव्हती. एकदा तिने माझ्याकडे बघून "दाढी" म्हटलं. मी ताबडतोब जाऊन दाढी केली.

मग कडेलोटकरांना चाचणीचं बोलावणं आलं.

पाळण्याचं नाव 'तान्हं'. बाहेर पाटी होती, 'पुन्हा पहिल्यांदा पडा.' मला वाटलं होतं उंच मनोरा असेल. आत सिनेमाच्या थिएटरसारखा हॉल होता, मऊ खुर्च्यांच्या रांगा. प्रत्येक खुर्चीच्या मानेशी राखाडी उशी. दारात एक मुलगी प्रत्येकाच्या गळ्यात लाळेरं बांधत होती. खरंखुरं लाळेरं, मोठ्या मापाचं, वर पार्कचा शिक्का. इरफानने ते बांधून घेतलं आणि अंगठा तोंडात घालून फोटो काढला. रेवतीने गुणांची वही उघडून मांडीवर ठेवली.

"खालचे सर, आज तरी वर," ती म्हणाली.

"मी इथे ठीक आहे," मी म्हणालो आणि काचेमागे जाऊन उभा राहिलो.

दिवे मंद झाले. दहा सेकंद काही झालं नाही. मग त्यांचे चेहरे गेले. दुसरा शब्द मला सापडत नाही. इतकी वर्षं कमावलेलं जे काही माणूस चेहऱ्यावर धरून असतो, ते कोणीतरी खालून सोडवल्यासारखं ओघळलं. खालचे ओठ लोंबले. रेवतीच्या मांडीवरून वही घसरली, तिने बघितलंही नाही. एका माणसाच्या गालाला शेजारच्याची बाही लागली, त्याने तोंड वळवून ती चोखायला सुरुवात केली. मिशा असलेला, बँकेत काम करणारा माणूस.

आणि खुर्च्या पडल्या. दोन फूट.

बारा जणांचे हात एकदम बाजूला उडाले, बोटं फाकली. दोन सेकंद शांतता. तो आवाज आला तेव्हा मी कान झाकले, कारण ते बाराजण किंचाळत नव्हते. कुमुद किंचाळत होती. तिचा चढ, तिचा थांबा, शेवटी आवाज फाटायचा तोही तिच्यासारखाच, बारा वेगवेगळ्या गळ्यांतून. पुन्हा खुर्च्या वर, पुन्हा खाली. सहा वेळा. लाळेरी भिजून छातीला चिकटली.

नव्वद सेकंदांनी चेहरे परत आले. थोडा वेळ सगळे भांबावून एकमेकांकडे बघत होते. मग कोणीतरी हसलं आणि टाळ्या सुरू झाल्या. हॉलभर आंबूस वास होता.

त्यानंतर ते सगळे मिसळ खायला गेले. मीही गेलो. नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही. बहुतेकांनी लाळेरी काढली नव्हती. आता त्यांचा उपयोगही होत होता, तर्री सांडत होती.

"साडेनऊ," रेवती म्हणाली. "जगात कुठे नसेल असं."

"साडेनऊच," इरफान म्हणाला. "दहा नाही. शेवटाला काहीतरी राहतं राव. पडलो, ओरडलो, ठीक. पण मग पुढे काही नाही. शिंक अडकल्यासारखं."

"हो, मलाही. छातीत एक पोकळी राहते."

"मी लवाटेसाहेबांना विचारलं," बँकेवाला म्हणाला. "ते म्हणाले, नमुना कमी पडला. अजून दोन सकाळींच्या नोंदी व्हायच्यात. त्या झाल्या की शंभर टक्के दहा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. मीच तर लिहून कळवलं होतं सगळ्यांना.

"सर, काकूंना त्रास नाही ना होत?" इरफानने विचारलं. तो मुळात भला माणूस आहे. कुमुदसाठी तो दोनदा शहाळी घेऊन आला होता.

"तिच्या लक्षात राहत नाही," मी म्हणालो. लवाटेंचं वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की मीच दचकलो.

"मग झालं तर. दोनच सकाळी."

"मत घेऊया," रेवती म्हणाली. "गटावर टाकते. 'तान्हं'मध्ये पुढची सुधारणा काय हवी. पर्याय एक, उरलेले नमुने घ्यावेत. पर्याय दोन, पडायची उंची तीन फूट करावी. पर्याय तीन, आहे ते ठीक. सर, तुम्ही राग नका मानू, शेवटी तुमचंच श्रेय आहे हे."

मी बशीकडे बघत होतो. रश्शावर लाल तेल थिजत होतं. माझ्या बायकोला आणखी ऐंशी वेळा फळीवरून सोडायचं की नाही, यावर साडेतीनशे माणसं बोट दाबणार होती. आणि त्यांच्यातला एकही वाईट नव्हता. मी मिसळ तशीच टाकून उठलो. संध्याकाळपर्यंत पहिल्या पर्यायाला दोनशे सत्तर मतं पडली.

मला त्या 'काहीतरी राहतं'चा छडा लागत नव्हता. सवयीने मी पुस्तक काढलं, बालरोगांचं, ज्यावरून मी तेव्हा लिहिलं होतं. पान उघडलं. हात बाजूला फेकले जातात, बोटं फाकतात, मूल किंचाळतं. परिच्छेद संपला. मी पान उलटलं.

मागच्या पानावर होतं, "यानंतर लगेच दुसरा टप्पा येतो. दोन्ही हात पुढे येऊन छातीशी मिटतात, मुठी वळतात, जणू मूल कोणाला तरी मिठी मारत आहे. आईच्या अंगावरून निसटणाऱ्या पिल्लाने तिला पुन्हा धरावं, हा या क्रियेचा मूळ हेतू असावा."

चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो होतो की संदर्भ घेताना पान उलटून बघा. मी पान उलटलं नव्हतं. आम्हाला गोळा हवा होता आणि गोळा पहिल्या परिच्छेदात संपत होता. लवाटेंच्या लोकांनीही माझ्या व्याख्येवरून किंचाळण्यापर्यंतच नोंद घेतली आणि पुढचं कापलं. आता मला आठवलं. हॉलमध्ये आवाज थांबल्यावर बारा जणांचे हात अर्धवट पुढे आले होते आणि हवेत लटकले होते. आणि शेडमध्ये चाळीस वेळा फळी थांबल्यावर कुमुदचे हात छातीवर मिटले होते. चाळीस वेळा त्यांत काही नव्हतं. मी चार पावलांवर चपला धरून उभा होतो. त्याआधी दोन वर्षं रोज सकाळी दारात, टॉवेल घेऊन, डोळे मिटून.

खरं सांगतो, पहिला विचार शरमेचा नव्हता. पहिला विचार होता, दहावा गोळा सापडला. खुर्चीत प्रत्येकाला धरायला काहीतरी मऊ द्या, नोंद दोन सेकंद पुढे न्या, झालं. हे गटावर टाकलं असतं तर पाचशे बदाम आले असते. मी फोन हातात घेऊन तीन ओळी लिहिल्यासुद्धा. चांगल्या उतरल्या होत्या. मग तोंडात पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं, आणि मी न्हाणीघरात जाऊन ओकलो. परत येऊन ओळी पुसल्या आणि गट सोडला.

सोमवारी लवाटेंना फोन केला. उरलेल्या सकाळी देणार नाही म्हणालो.

"काका, दोनच आहेत. त्यांना काही कळत नाही."

"बरोबर," मी म्हणालो, सवयीने. मग म्हणालो, "नाही. नको."

"मग उशी परत घ्यावी लागेल. मला वाईट वाटतंय. त्या किती शांत झाल्या होत्या."

"हो."

"एकदा विचार करा. तुमच्या मनाच्या समाधानासाठी तुम्ही त्यांना रोज पुन्हा त्या भीतीत ढकलताय."

ते खरंही असेल. मी फोन ठेवला. दुपारी एक माणूस येऊन उशी घेऊन गेला. पुढे कळलं, पार्कला दुसरीकडून कोणीतरी मिळालं, कुठल्याशा वृद्धाश्रमातले एक आजोबा, ज्यांच्या वतीने नाही म्हणायला कोणी नव्हतं.

मंगळवारी साडेसातला पाणी काढलं. विमलमावशींना म्हणालो, "आज मी पुढे थांबतो. तुम्ही मागून टेकवा."

"टॉवेल?"

"राहू दे खुंटीवर."

मी खुर्चीसमोर ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि कुमुदवर ओणवा झालो. इतक्या जवळ मी कित्येक महिन्यांत गेलो नव्हतो. तिच्या तोंडाला रात्रीच्या औषधाचा आंबट वास होता आणि मला तो सहन होत नव्हता. मावशींनी तिला मागे सोडलं. तिचे हात उडाले, एक माझ्या कानावर बसला. चष्मा पडला. बोटं ताठ, तोंड उघडं. दोन सेकंद, आणि तो आवाज, आता थेट माझ्या चेहऱ्यावर. माझ्या डोक्यात आपोआप आकडा आला. दहा. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मग हात मिटले. मध्ये माझी मान होती.

तिने धरलं. नखं मानेत रुतली, सदऱ्याची कॉलर मुठीत गेली. ती मला ओळखत नव्हती. माझ्या जागी खांब असता तर तिने खांब धरला असता, मागच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं आहे. तिचा गाल माझ्या दाढीला घासत होता आणि तोंडाने ती माझा कान शोधत होती. लाळ गळ्यातून खाली उतरत होती. आवाज हळूहळू बारीक झाला. पकड तशीच राहिली.

माझे गुडघे दुखायला लागले. बादलीतल्या पाण्याची वाफ कमी होत गेली.

"साहेब, सोडवू का?" मावशींनी विचारलं.

मान हलवून नाही म्हणायला गेलो, तर मान हलेना. म्हणून तोंडाने म्हणालो, "नको. पाणी तेवढं पुन्हा तापवा."